बस बसते म्हणे

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना कोपरापासून नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ते वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. चष्मा तुमच्याच दुकानातला आहे, तेव्हा दोष काचेला देता येत नाही. तो तुमच्या अक्षराचाच.

तुमची लेक, म्हणजे माझी सून, आपल्या दोघींना सांगत असते की पत्रं काय लिहिता, फोन करा. तिला काय जातंय सांगायला! जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी दुसऱ्यांचे फोन जोडले, आणि आता स्वतः फोन धरला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. पत्रच बरं. पत्रात तुम्ही ओरडत नाही. ओरडत असलात तरी ऐकू येत नाही.

आता मुद्द्याचं. अक्काला भेटायला तुम्ही गेलात, तिला संत्री सोलून दिलीत, हे वाचून बरंही वाटलं आणि वाईटही. माझी सख्खी थोरली बहीण तुमच्या गावात शुश्रूषागृहात पडलेली, आणि तिची विचारपूस कोण करतंय, तर विहीणबाई! तेही लहानपणच्या तापात पाय गेलेल्या, चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या विहीणबाई. लोक मला काय म्हणतील?

पण मी तरी काय करू? घरात रंगकाम काढलंय. बैठकीतलं सामान स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातलं बाथरूममध्ये, आणि आमचे हे कुठे ठेवलेत ते मलाच आठवत नाही. रंगारी गेले की निघालेच समजा.

तुम्ही खुर्ची घेऊन गावभर कशा फिरता? टॅक्सीनं जात असाल. चष्म्याच्या धंद्यात बरकत दिसते.

तुमची,
नाइलाजानं झालेली विहीण

१३ फेब्रुवारी

वरमाईंच्या सेवेशी,

टॅक्सीनं? मी चष्मे विकते, हिरे नाही. बसनं जाते.

आधी अक्कांचं सांगते. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेची जखम भरून आलीय, पण छातीत कफ आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदय थकलंय. हे मी गोड करून लिहीत नाही, कारण तुम्हाला गोड चालत नाही. बाकी अक्का फर्मास. इतकी वर्षं मुख्य परिचारिका होत्या ना, तो हुद्दा अजून उतरलेला नाही. काल नवीन नर्सला त्यांनी चादरीचा कोपरा तीनदा दुमडायला लावला. ती बिचारी घामाघूम. अक्का म्हणाल्या, "आता तुझा ताप मोज."

मग मला विचारलं, "ती कधी येतेय?" मी म्हणाले, रंगकाम चाललंय. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "तिच्या घराला एवढ्या भिंती कधी झाल्या?"

आता बसचं. आमच्याकडे नव्या बस आल्यात. थांब्यावर आली की बस बसते. हसू नका, खरंच बसते. एका अंगानं हवा सोडते, एक लांब सुस्कारा टाकते आणि फुटपाथला टेकते, गुडघे धरून तुम्ही सोफ्यावर बसता अगदी तशी. मग दारातून फळी बाहेर येते, तिच्यावरून मी आत, आणि ड्रायव्हर विचारतो, "बसलात का नीट?" मी म्हणते, मी बसलेलीच असते, तू सुटायचं बघ.

तेव्हा मला गावभर फिरायची काही अडचण नाही. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी अक्कांकडे जातेच. तुम्ही कधी येताय? माझ्याकडे उतरा. पाहुण्यांची खोली रिकामी आहे, आणि तिच्या भिंतींना रंग लावायचा माझा काही विचार नाही.

चष्मेवाली

२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

बस बसते म्हणे! आमच्याकडच्या बस उभ्याच असतात, आणि माणसांनाही उभंच ठेवतात. तुमच्या गावात सुस्कारा टाकणाऱ्या बस असतील, तर आमच्याकडे सुस्कारे प्रवासी टाकतात.

रंगकाम झालं. मी बॅग काढली, आणि यांना खोकला झाला. साधासुधा नाही, भिंतीवरची चित्रं हलतील असा. त्यातच मांजर आमच्या कपाटात व्याली, माझ्या लोकरीच्या शालीवर. पिल्लं इतकी लहान आहेत की त्यांना टाकून कसं यायचं? यांच्यावर सोपवावं, तर ते कोबी आणायला गेले की फ्लॉवर घेऊन येतात, आणि विचारलं तर म्हणतात, पांढराच कोबी मिळाला. असा माणूस मांजरीऐवजी काय सांभाळेल सांगता येत नाही.

अक्काला सांगा, मी तिची रोज आठवण काढते. तिला आवडतात तशा आल्याच्या वड्या पाठवते आहे. तुम्ही वाटेत खाऊ नका.

तुमची विहीण

३ मार्च

विहीणबाई,

रंग वाळला. खोकला झाला. मांजर व्याली. आता तुमच्या घरात आणखी काय काय व्हायचं राहिलंय?

वड्या पोचल्या. अक्कांनी एक हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. या आठवड्यात त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. आता काढलाय, पण आवाज खोल गेलाय. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "मी विचारत होते असं तिला लिहू नका." म्हणून लिहिते आहे.

मला आडून बोलता येत नाही, म्हणून सरळ विचारते. अडचण मी आहे का? गेल्या वर्षी आपण मुलांकडे गेलो होतो, सगळे मिळून तळ्यावर जायला निघालो होतो. बस आली, माझी खुर्ची पुढे घेतली, आणि नेमकं त्याच क्षणी तुमचं डोकं दुखायला लागलं. तुम्ही घरी परतलात. तेव्हा मी काही बोलले नाही. लेकीचं सासर आहे, गप्प राहिले. पण मला दिसतं. दिसण्याचाच धंदा आहे माझा.

माझ्या घरी उतरायला किंवा माझ्यासोबत चारचौघांत दिसायला तुम्हाला कसंतरी होत असेल, तर तसं लिहा. मी गुरुवारी जाते, तुम्ही बुधवारी या. आपली गाठ पडणार नाही. पण या.

८ मार्च

विहीणबाई,

तुम्ही माझ्यावर असा आरोप कराल असं वाटलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, तो खोडायचा तर मला खरं बोलावं लागतंय. या वयात सवय राहिलेली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीला भ्यायले नाही. बसला भ्यायले.

मुलांकडे गेलो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी बाजारातून येत होते. आमच्याकडच्या बसची पायरी किती उंच ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या बस बहुतेक जिराफांसाठी बनवल्यात. माझा एक पाय वर, एक खाली, हातात दांडा, आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. मी रस्त्यावर बसले. आमच्याकडे बस बसत नाही, माझ्यासारख्या बसतात. हाड मोडलं नाही. टोमॅटो मात्र एकही वाचला नाही. लोकांनी उचललं, घरी पोचवलं. मी यांना सांगितलं, पाय घसरला.

तेवढंच असतं तर विसरलेही असते. पण पुढच्या वेळी मी पायरीशी थांबले. पाय उचलायचा म्हटलं तर उचलेना. मागे रांग. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "या वयात घरी बसायला काय होतं यांना?"

जेव्हा ऐकायचं असतं तेव्हा माझं यंत्र शिट्टी मारतं. हे वाक्य मात्र घंटेसारखं स्वच्छ ऐकू आलं.

मी बाजूला झाले. म्हटलं, जाऊ दे लोकांना पुढे. तेव्हापासून बाजूलाच आहे. आधी बस सुटली, मग बाजार, मग कोपऱ्यावरचं वाचनालय. आता मी खिडकीपर्यंत जाते. लोकांना सांगते, टीव्हीवर सगळं जग दिसतं, बाहेर कशाला जायचं. यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. मुलाला सांगितलं तर तो उद्याच मला चाकाची खुर्ची आणून देईल. (रागावू नका. तुम्हाला ती शोभते. मला आठवलं तरी घाम फुटतो.)

भिंतींना रंग लावलाच नाही. यांनाही खोकला नव्हता. मांजर तेवढी खरी आहे.

अक्काच्या हातात वडी तशीच राहिली, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. यायचं आहे हो मला. पण स्टेशनपर्यंत कशी जाऊ, गाडीत कशी चढू, हेच कळत नाही. तुम्ही हसणार हे ठाऊक आहे. जरा हळू हसा.

१२ मार्च

विहीणबाई,

पत्र दुकानात आलं. वाचून मी थोडा वेळ शटर ओढून घेतलं. हसायला नाही.

मग हसले. तुमच्या मुलानं खुर्ची आणली तर आभाळ कोसळेल? मी पन्नासच्या वर वर्षं खुर्चीत आहे आणि एकदाही पाय घसरून पडले नाही. तुम्ही दोन पायांवर असून टोमॅटोसकट रस्त्यावर. कोणाची गाडी जास्त भरवशाची, सांगा.

तुमचं दुखणं मला तपासू द्या. गुडघे झिजलेत, कबूल. पण घरात तुम्हाला कोंडलंय ते त्या मागच्या माणसाच्या तोंडानं. त्याला थांबावं लागलं, म्हणून तो मेला का? मी रोज लोकांना थांबायला लावते. कुरकुरतात, घड्याळ बघतात, आणि थांबतात. घरी जाऊन जेवतात. माझ्यामुळे उपाशी मेलेला एकही माणूस मी अजून ऐकलेला नाही.

आता कामाचं. तुमच्या गावच्या परिवहन कार्यालयाला मी फोन केला. तुमची थोरली मुलगी बोलतेय असं सांगितलं. आवाज तरुण आहे हो माझा. तुमच्याकडे म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी एक गाडी आहे. आदल्या दिवशी फोन करायचा, ती दारातून नेते आणि दारात सोडते. मागे लिफ्ट आहे, पायरी चढावी लागत नाही. ही गाडी कित्येक वर्षं तुमच्या खिडकीखालून जात असेल, आणि तुम्ही टीव्हीवर जग बघत बसलात!

रेल्वेला आधी कळवलं की त्यांचा माणूस खुर्ची घेऊन येतो आणि डब्याला उतार लावतो. हो, खुर्ची. तेवढ्यापुरती. कोणाला सांगणार नाही मी.

आणि काठी घ्या. छत्री नाही, काठी. ऊन नसताना, पाऊस नसताना तुम्ही घरातल्या घरात छत्री टेकत फिरता, हे तुमच्या सुनेनं मला केव्हाच सांगितलंय.

आधी जवळ कुठेतरी जाऊन या. कोबी आणा. मग इकडे.

चष्मेवाली

२१ मार्च

विहीणबाई,

कोबी आणला.

आता सविस्तर. मी फोन केला आणि त्यांना म्हटलं, गाडी कोपऱ्यावर थांबवा, मी येईन. कारण गाडीवर हातभर अक्षरांत 'ज्येष्ठ व अपंग सेवा' लिहिलंय, आणि समोरच राहतात वकीलीणबाई, ज्यांना सगळं दिसतं आणि दिसलं ते गावाला कळतं. गाडी चालवणारी बाई चांगली दांडगी. सरळ दारात येऊन थांबली. मी म्हटलं, "कोपऱ्यावर सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "आजी, कोपऱ्यापर्यंत चालवत असतं तर मला बोलावलं असतंत का?" तुमच्या नात्यातली आहे का हो कोणी?

यांनी एका हाताला धरलं, तिनं दुसऱ्या. लिफ्टवर उभी राहिले. ती हळूहळू वर जायला लागली, आणि वर बघते तो वकीलीणबाई खिडकीत. आता लपणार कुठे? तराजूच्या पारड्यात बसल्यासारखी मी सगळ्या गल्लीसमोर वर चालले होते. मग म्हटलं, व्हायचं ते होवो. राणी गच्चीतून हलवते तसा हात हलवला.

बाजारात गेले. यांनी फ्लॉवर उचलला, मी तो खाली ठेवला. केवढं सुख वाटलं, काय सांगू! कोबीवाल्यानं विचारलं, "बऱ्याच दिवसांनी? गावाला गेला होतात का?" मी म्हटलं, "हो, फार लांब."

दुसऱ्या दिवशी वकीलीणबाई आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, पिल्लं बघितली, आणि जाताना दारात आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "त्या गाडीचा नंबर देता का? माझ्या एका मैत्रिणीला हवाय." मैत्रिणीचे गुडघे अगदी वकीलीणबाईंच्याच गुडघ्यांसारखे दुखतात म्हणे.

एक एप्रिलला निघते. तारखेवरून चेष्टा नको. अक्काला सांगा. नको, सांगू नका. मी आले की मगच कळू दे. माझा अजून माझ्यावर पुरता विश्वास नाही.

तुमची विहीण

९ एप्रिल

व्याहीबुवा,

हे पत्र तुमच्या पत्नीविरुद्ध तक्रार म्हणून वाचावं. त्या पलीकडच्या खोलीत दुपारच्या झोपल्यात आणि घोरतायत. यंत्र काढून झोपत असल्यामुळे आपण घोरत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

त्या सुखरूप पोचल्या हे त्यांनी कळवलंच असेल. स्टेशनवर त्यांना रेल्वेच्या खुर्चीतून उतरवलं, आणि फलाटावर आम्ही दोघी समोरासमोर आलो, दोघीही चाकांवर. त्यांनी माझ्या खुर्चीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची जास्त चांगली आहे."

अक्कांनी त्यांना दारात पाहिलं. मग म्हणाल्या, "भिंती वाळल्या वाटतं." बस, एवढंच. पण त्यानंतर बहिणीचा हात जो धरला तो सोडेनात. चहा आला, निवला, नर्स कप घेऊन गेली, तरी हात तसाच. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आता तक्रार. त्याआधी मला एक कबूल करायला हवं. आमची बस बसते, फळी बाहेर येते, असं मी तुमच्या पत्नीला लिहिलं होतं. बस बसते हे खरं. पण फळी आपोआप येत नाही. ती दाराशी बसच्या जमिनीत दुमडलेली असते, आणि ड्रायव्हरनं उठून आकड्यानं ओढायची असते. काही भले ड्रायव्हर ओढतात. बाकीचे काचेतूनच हात हलवतात: बिघडलीय, मागच्या बसनं या. थोडक्यात, बस बसते, पण ड्रायव्हर उठत नाही. किती वेळा मी थांब्यावर भिजलेय, ते मी लेकीलासुद्धा सांगत नाही. तुमच्या पत्नीला खरं लिहिलं असतं, तर त्या कोबीपर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

तर काल आम्ही अक्कांकडून निघालो. बस आली, बसली, ड्रायव्हरनं मला पाहिलं आणि हात हलवला. मी म्हटलं, "चला, मागची येईल."

"फळी येणार होती ना?" त्या म्हणाल्या.

"कधीकधी बिघडते."

शेजारी एक फुलवाली बसलेली असते. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "कधीकधी कसलं? या बाई तर इथं उगवल्यासारख्या असतात."

तुमच्या पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत गेल्या आणि बसच्या दारात उभ्या राहिल्या. एक पाय आत, एक बाहेर. दार मिटेना.

"आजी, आत या नाहीतर उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"मी आत येत नाही आणि उतरतही नाही. आधी फळी काढा."

"फळी खराब आहे. बाजूला व्हा, लोकांना उशीर होतोय."

"होऊ दे."

आतून कोणी ओरडलं, कोणी पाय आपटले. एकजण म्हणाला, म्हातारीला समजावा कोणीतरी. आणि व्याहीबुवा, तेव्हा तुमच्या पत्नीनं काय केलं असेल? कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये टाकलं, चेन लावली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही काहीही बोला. मला ऐकू येत नाही." आणि मग टेलिफोन ऑपरेटरच्या त्या घोटलेल्या आवाजात, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "कृपया प्रतीक्षा करा."

हसू कुठून सुरू झालं कळलं नाही. मागचे दोघेचौघे हसले, मग सगळेच. एक जाडजूड गृहस्थ उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आकडा कुठंय? द्या इकडे." ड्रायव्हर लाल झाला, उठला आणि स्वतःच आकडा लावला. फळी उघडली. तिला काहीही झालेलं नव्हतं. फक्त धूळ एवढी निघाली की बस शिंकली.

मी वर चढले. त्या माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांचा हात धरला, आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. लोकांना ताटकळत ठेवायला घाबरणाऱ्या बाई या!

घरी आल्यावर म्हणाल्या, "मला खोटं का लिहिलंत?" मी म्हटलं, "तुमचं रंगकाम, माझी फळी. फिटंफाट." त्या हसल्या नाहीत. "किती वर्षं?" म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, आणि सगळे डबे आपल्या सोयीनं वरच्या फळीवर लावून ठेवले. आता साखर काढायची तर मला शिडी लागेल, आणि शिडीचा मला काय उपयोग?

योग्य ती कारवाई करावी.

चष्मेवाली

१४ एप्रिल

विहीणबाईंना सादर नमस्कार.

तक्रार मिळाली आणि दाखल करून घेतली. याआधीच्या बऱ्याच पडून आहेत. त्या सगळ्या माझ्याच आहेत, आणि एकीवरही आजवर कारवाई झालेली नाही. तेव्हा आपण फार आशा ठेवू नये.

तिचा हात धरलात, त्याबद्दल आभार. मला ते नीट लिहिता येत नाही.

मी आणि मांजर बरे आहोत. फ्लॉवर खातो आहोत, मांजर सोडून.

एक विचारायचं होतं. तुमच्या खुर्चीची रुंदी एका चाकाच्या बाहेरून दुसऱ्या चाकाच्या बाहेरपर्यंत किती? आणि चढ केवढा असला तर तुम्हाला कोणी न ढकलता चढता येतो? उलट टपाली कळवा. हिला बोलू नका.

तुमचा व्याही

६ मे

विहीणबाई,

पोचले. प्रवास झकास. स्टेशनवरचा माणूस खुर्ची घेऊन आला तेव्हा मीच त्याला ब्रेक कसा लावायचा ते शिकवलं. तुमची संगत भोवली.

अक्काचं पत्र माझ्याआधी येऊन पडलंय, मी तिथून निघायच्या आधीच टाकलेलं. आता खोलीतल्या खोलीत वॉकर धरून चालते, आणि ती नवीन नर्स तिच्यामागे चादरी दुमडत फिरते. डॉक्टरीणबाईंनी मला जे बाजूला घेऊन सांगितलं ते मी विसरलेले नाही. पण दर महिन्याला जायचं असं मी ठरवलंय, आणि जाण्याचा रस्ता आता मला ठाऊक आहे.

आता आमच्या यांचे प्रताप ऐका. गाडीतून उतरले, काठी टेकली, दाराकडे वळले, आणि दारच ओळखू येईना. पायऱ्यांच्या बाजूनं एक लांबलचक लाकडी उतार, मधे वळण घेतलेला, दोन्हीकडून कठडा. शेजारच्या म्हाताऱ्या सुताराला धरून यांनी तो केलाय. पहिला फारच उभा झाला. परीक्षा म्हणून त्यावरून हातगाडीत बटाट्याचं पोतं सोडलं, ते थेट वकीलीणबाईंच्या फाटकात. मग तो मोडून दुसरा केला. तुम्ही त्यांना कळवलंत म्हणे, खुर्ची विहीणबाईंसाठी घेत असाल तर एक माप मोठी घ्या. ते मी वेगळं बघून घेईन.

मी म्हटलं, "एवढं माझ्यासाठी केलंत?"

ते म्हणाले, "तुझ्यासाठी कठडा. उतार विहीणबाईंसाठी."

मला कळेना. मुलांचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत. दर वेळी दुकानाचं कारण. मी मनात म्हणायचे, चष्मेवाल्या बाईंना आमचं घर पसंत नसेल. तसं मी यांना म्हणालेही. हे म्हणाले, "अगं, दाराला पायऱ्या आहेत."

मी तिथेच उभी राहिले. रोज त्या पायऱ्या चढले, रोज झाडल्या. तुम्ही कधी बोलला नाहीत हो! माझं रंगकाम तुम्ही एका पत्रात पकडलंत. तुमचं दुकान मला एवढ्या वर्षांत पकडता आलं नाही.

रविवारी या. पाहुण्यांची खोली खालीच आहे, आणि सगळे डबे मी खालच्या फळीवर लावलेत, अगदी तुमच्या हाताशी. आता साखर काढायला मला वाकावं लागतं. आणि लवकर या, कारण उतारावरून पहिलं पाऊल, म्हणजे पहिलं चाक, तुमचंच पडलं पाहिजे असं यांनी ठरवलंय. दुसऱ्या कोणाला त्यावर चढू देत नाहीत. पोस्टमनलासुद्धा पायऱ्यांवरून पाठवतात, आणि त्याची कंबर धरलीय.

तुमची विहीण

१० मे

विहीणबाई,

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. दुकानाच्या दारावर पाटी लावलीय: मालकीण बाहेरगावी. गिऱ्हाईकं येऊन ती दोनदा वाचतात. त्यांना वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला.

दुकानांना, दवाखान्यांना, हॉटेलांना उतार असतात हो. पण मागच्या दाराशी, सामानासाठी. खोकी आत जातात, हातगाड्या जातात, त्यांच्यामागून मी. त्याची मला सवय आहे, तक्रार नाही. आता पुढच्या दाराला, माझ्या चाकांचं माप घेऊन म्हणे. तुमचं पत्र मी दुकानात वाचत होते. समोर गिऱ्हाईक डोळे तपासून घ्यायला बसलं होतं आणि मला फळ्यावरची अक्षरं दिसेनात. त्याला म्हटलं, उद्या या.

पोस्टमनला माझ्याकडून सॉरी म्हणा. पण व्याह्यांना सांगा, रविवारपर्यंत त्याला पायऱ्यांवरूनच पाठवा.